दोनशे सत्तावीस लिंबोण्या

दौंड तालुक्यात माघ महिना गुळाच्या वासाचा असतो. सकाळी मोजणीला निघालं की गुऱ्हाळांचा धूर जमिनीलगत पसरलेला दिसतो, उसाच्या ट्रेलरमागे गाडी हळू करावी लागते, आणि ओढणीला दिवसभर उकळत्या रसाचा वास चिकटून राहतो. परवाही तसंच होतं. इथला एक रस्ता रुंद व्हायचा आहे. त्यात जाणाऱ्या जमिनींची मोजणी चालू आहे, आणि फळझाडं मोजायला कृषी खात्याकडून मी. उसाचा एक फड संपला, आम्ही बांध ओलांडला, आणि गुळाच्या त्या जाड वासातून मध्येच एक बारीक, धारदार सुगंध आला. कुणाच्या तरी परसात चार लिंबोण्या होत्या आणि चौघींनाही बहर आला होता.

मी थांबले. बरोबरच्या भूकरमापकानं विचारलं, "मॅडम, काही राहिलं का?"

"नाही. चला," म्हटलं खरं, पण दिवसभर मी दौंडमध्ये नव्हतेच.

लिंबोणीचं फूल नखाएवढं. लांबून दिसतही नाही. आंब्याचा मोहोर सगळ्या गावाला कळतो, बाभळीचं पिवळं फूल रस्त्यावरून दिसतं. लिंबोणीजवळ मात्र तुम्हाला वाकून जावं लागतं, काटे चुकवावे लागतात, तेव्हा कुठं ती ओळख देते. मला ही गोष्ट फार उशिरा कळली. नोकरीला नऊ वर्षं झाली होती तेव्हा.

त्या वर्षी मी शिरूरला होते. सहा-सात वर्षं झाली असतील. तालुक्यातून एक मोठा रस्ता जायचा होता आणि निमोण्याच्या शिवारात त्याच्या खुणा पडायला लागल्या होत्या. तिथला माघ वेगळा. ज्वारी हुरड्यात आलेली, कणसं अजून हिरवट. कांद्याची पात गुडघ्याला लागायची. हरभऱ्यातून चाललं की पायाला आंब लागून कातडी चुरचुरायची, आणि सकाळच्या गारठ्यात बोटांना पेन धरवायचं नाही. त्या थंडीत लोक बांधावर उभे राहून आमची वाट बघत असायचे. कुणी स्वेटरवर उपरणं गुंडाळलेलं, कुणी कानटोपी घातलेलं. चेहऱ्यावर राग नसायचा. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी असतं तसं काहीतरी असायचं.

निकाल आम्ही लिहायचो. सरकार रस्त्याला जमीन घेतं तेव्हा जमिनीचा मोबदला वेगळा ठरतो, घराचा वेगळा, विहिरीचा वेगळा आणि झाडाचा वेगळा. झाडाचा आकडा माझ्या पानावरून निघतो. झाडाचं वय काय, बुंध्याचा घेर किती, फळ किती लागतं, अजून किती वर्षं लागेल. मी लिहीन तेवढीच झाडं. जे माझ्या पानावर आलं नाही ते झाड पुढच्या सगळ्या कागदांवर नसतं, आणि एकदा रस्ता झाला की पुन्हा मोजायला ते जागेवरही नसतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि कळणं यांत नऊ वर्षांचं अंतर होतं, एवढंच.

त्या दिवशी अकरा गट उरकायचे होते. दुपारपर्यंत चार झाले होते. पाचवा गट एका माळावर होता, ओढ्याच्या अंगाला उतरत गेलेला. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात 'पड' लिहिलं होतं, म्हणजे कागदाच्या मते तिथं काहीच नव्हतं. आणि समोर लिंबाची बाग उभी होती. काळपट हिरवी, गच्च, अठरा-वीस वर्षांची.

बागेच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. बारीक अंगकाठी, मेंदी लावलेली दाढी, डोक्याला पांढरी टोपी, पँटच्या पायाला गवताची कुसळं. तलाठी म्हणाले, "हे इब्राहिमचाचा. बाग हेच बघतात. जमीन आप्पांची आहे."

मी बांधावरून ओळी मोजल्या. चौदा ओळी, ओळीत पंधरा झाडं. दोनशे दहा. वर्गवारीच्या रकान्यात 'मध्यम' लिहिलं, खाली रेघ मारली आणि पान उलटलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. चाचा तांब्याभर पाणी घेऊन आले. मी उभ्या उभ्या प्याले. तांब्या परत घेताना ते म्हणाले, "म्याडम, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा ना, चाचा."

"तुमी झाडाला हात न्हाई लावला."

मी हसून म्हटलं, "चाचा, अजून सहा गट व्हायचेत."

"व्हय, व्हय. करा तुमी. ऊन व्हतंय," असं म्हणून ते बाजूला झाले. आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मला लगेच माफ करून टाकलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी घरी आल्यावर हात धुवायला नळाखाली धरले आणि तसेच धरून ठेवले. लिंबाच्या बागेत जाऊन आलेला माणूस लपत नाही. काटे बारीक असतात, पण मनगटापासून कोपरापर्यंत रेघोट्या ओढतात आणि पाणी लागलं की त्या चुरचुरतात. माझ्या हातावर एकही ओरखडा नव्हता.

माझे वडील दौंडला रेल्वेत होते. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते डब्यांच्या कडेनं चालत जायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचे. चांगल्या चाकाचा आवाज घंटेसारखा येतो, तडा गेलेल्याचा बद्द. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, की सगळी चाकं चांगलीच वाजतात तर रोज सगळ्यांना कशाला मारायचं? ते म्हणाले होते, "ज्या चाकाला मी ठोका दिला नाही, त्यावरच्या डब्यात कोण बसलंय ते मला माहीत नसतं." त्यांना या उत्तराचं काही विशेष वाटलं नव्हतं. लगेच जेवायला काय आहे म्हणून आईला हाक मारली होती. पण त्या संध्याकाळी शिरूरच्या भाड्याच्या खोलीत नळ चालू ठेवून उभी असताना मला त्यांच्या चालण्याची लय आठवली. पाऊल, ठोका, पाऊल, ठोका. त्यांनी कधी बांधावरून डबे मोजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "सर, निमोण्यातला एक गट मला पुन्हा करायचाय. माझ्याकडून नीट झाला नाही."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाची तक्रार आलीय?"

"नाही सर. माझीच आहे."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "सोमवारी पंचनाम्यावर सह्या आहेत. शनिवार-रविवार तुमचे. गाडी मिळणार नाही."

शनिवारी सकाळी मी स्कूटी काढली. डिकीत टेप, वही, पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि पहाटे उठून केलेल्या दोन चपात्या. घोड नदीच्या अंगाला धुकं होतं. निमोण्याच्या फाट्याला वळले तेव्हा ऊन नुकतं ज्वारीच्या कणसांवर आलं होतं. चाचा बागेतच होते, आळ्यातलं गवत काढत. मला बघून उठले. माझ्या हातातला रंगाचा डबा घेतला आणि म्हणाले, "वरल्या कोपऱ्यापासून घिऊ. तिथनंच मी सुरवात केली व्हती."

ते दोन दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुंदर दिवस आहेत. वाकून झाडाखाली जायचं, टेप बुंध्याभोवती फिरवायचा, आकडा ओरडून सांगायचा. सांगणारी मी, लिहिणारीही मीच. चाचा प्रत्येक बुंध्यावर नंबर रंगवायचे. अक्षर सुरेख होतं त्यांचं. डोक्यावर फुलं गळायची. एकाच फांदीवर फुलं, हिरवी बारीक फळं आणि पिवळं पडत आलेलं लिंबू असं सगळं एकदम असायचं. मधमाश्यांचा आवाज इतका सलग होता, की तो थांबला तेव्हाच कळलं तो होता म्हणून. दुपारी वारा पडला आणि सगळी बाग त्या वासानं भरून गेली, विहिरीत पाणी भरतं तशी, खालून वर.

काही झाडांना नावं होती. एकीचं नाव तहसीलदारीण, कारण ती मनात येईल तेव्हाच फळ द्यायची. एकीवर वीज पडली होती. अर्धी जळून गेली आणि उरलेली अर्धी दुप्पट फळायला लागली. चाचा तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणायचे, जशी ती ऐकतेय.

"इथं काय व्हतं तवा?" मी विचारलं.

"कुसळं. आन् मुरूम. आप्पा म्हनले, इभ्राम, ह्या माळाचं काय व्हतंय का बघ. जमीन माझी, पानी माझं, झाडं तुझी. फळ आर्धं आर्धं. मी शिरूरवरनं आलो, बाजारात लिंबं इकायचो तवा. चांगली चांगली लिंबं बाजूला काढून त्याचं बी धरलं. खड्डं पहारीनं घेतलं. एका दिसात दोन व्हायचं. तिसरा घेतला की रातीला हात वर जायचा न्हाई."

"आणि कागद काही केला होता?"

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. "कागद न्हाई. आप्पा हायेत."

ओळीत एका जागी झाड वाळून नुसता खुंट उभा होता. मी सवयीनं टेप फिरवायला लागले तर चाचांनी हात आडवा धरला. "ह्ये लिहू नका, म्याडम. ह्ये मेलंय. मागच्या साली."

असे नऊ खुंट निघाले. बांधावरून मोजताना मी नवांनाही जिवंत धरलं होतं. दोनशे दहामधून नऊ गेले. मला वाटलं, या माणसासाठी म्हणून मी सुट्टीची आले आणि त्याचंच नुकसान करून चालले. चाचांना तसं काही वाटत नव्हतं. ते पुढच्या झाडाला नंबर घालत होते.

रविवारी दुपारी शेवटची ओळ संपली, दोनशे एकवर. मी वही मिटली. चाचा म्हणाले, "खाली न्हाई यायचं?"

"खाली?"

ते मला ओढ्याच्या उतारावर घेऊन गेले. बांधावरून तो उतार दिसत नाही. तिथं ओळी नव्हत्या. जिथं माती सापडली तिथं झाड लावलेलं, दगडांच्या मध्ये, एकेक आळं हातानं रचलेलं. मोजली, सव्वीस भरली. सगळ्या बागेतली ही सव्वीस झाडं सगळ्यात जोमदार होती. मोजणीच्या खुणेचा दगड त्यांच्याही पलीकडे होता, म्हणजे सगळी रस्त्यात जाणार होती, आणि माझ्या पहिल्या पानावर त्यांतलं एकही नव्हतं. मी खाली एका दगडावर बसले. चाचांची बायको डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली होती. चाचींनी माझे हात बघितले आणि दखनीत नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, इनके हात तो देखो. हल्दी लाऊँ क्या?"

दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. मी म्हटलं, "असू द्या, चाची." मला ते हात कुणाला तरी दाखवावेसे वाटत होते.

एकूण दोनशे सत्तावीस.

मोजणी संपली आणि खरी अडचण पुढं आली. पंचनाम्यात एक रकाना असतो, झाडं कुणाची. बाजारात लिंबं जायची ती आप्पांच्या नावावर, सातबारा आप्पांचा, वीजबिल आप्पांचं. चाचांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. तलाठी भला माणूस, पण त्यानं सरळ सांगितलं, "मॅडम, खातेदाराचंच नाव लागणार. खातेदारानं स्वतः लेखी दिलं तर गोष्ट वेगळी. पण देतं का कुणी?"

सोमवारी सकाळी आप्पा आले. ऐंशीच्या घरातले, उंच, धोतर, पायात करकरणाऱ्या वहाणा. बरोबर त्यांचा मुलगा विलास, रांजणगावला कंपनीत सुपरवायझर. दुपारच्या शिफ्टला जायचं म्हणून कंपनीचा शर्ट घालूनच आलेला. आम्ही सगळे बागेच्या तोंडाशी सतरंजीवर बसलो. मी पंचनामा वाचला. झाडांच्या संख्येपाशी आल्यावर आप्पांनी विचारलं, "उताराची धरली का?"

"धरली, आप्पा. सव्वीस."

त्यांनी मान हलवली. मी पुढं वाचलं आणि त्या रकान्यापाशी थांबले. "इथं नाव कुणाचं लिहू?"

"इभ्रामचं," आप्पा म्हणाले. जेवायला बसलेल्या माणसानं मीठ मागावं इतकं सहज.

विलास जरा पुढं सरकला. "आप्पा, थांबा. म्याडम, एक मिनिट. आप्पा, झाडं आपल्या जमिनीत हायेत. चाचांना द्यायचं न्हाई असं मी कवाच म्हनलो न्हाई. देऊ ना आपण घरातनं, काय असंल ते. सरकारी कागदावर कशाला? उद्या जमिनीवर बी नाव लागलं म्हंजी?"

तो चुकीचं बोलत नव्हता. कुठल्याही घरात कुणीतरी हे बोललंच असतं. चाचा खाली बघत होते. सतरंजीवर पडलेली फुलं एका बोटानं एका जागी गोळा करत होते.

आप्पांनी वळून बागेकडे बघितलं. मग त्यांनी मुलाला विचारलं, "इलास, तू ह्यातलं एखादं झाड लावलंस का?"

"न्हाई."

"मी बी न्हाई. मी पानी दिलं, ती माझी गोष्ट झाली. त्याचं आर्धं फळ आजवर खाल्लंय मी. आपण घरातनं दिलं की ते उपकार व्हत्यात. त्यो माझ्या दारात येऊन उभा ऱ्हानार, आन् मी देनार. अठरा साल त्यो कवा माझ्या दारात मागाया उभा ऱ्हायलाय? मग आत्ता कशापायी उभा करायचा?" एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. "म्याडम, ल्ह्या. जमीन माझी. झाडं त्याची. म्या जबाब देतो. सई करतो, वर अंगठा बी देतो."

विलास उठला, मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. चाचाही उठले. म्हणाले, "मोटार बंद करून येतो," आणि विहिरीकडे गेले. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. मोटार चालू नव्हतीच. ते परत येईपर्यंत मी तो रकाना भरला.

या कामात माणसाला अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा आपण कुणाच्या तरी नको असलेल्या दिवशी त्याच्या शेतात जातो. आपल्यामागून यंत्रं येतात. कितीही नीट मोजलं तरी झाड वाचत नाही, हे मला पहिल्या वर्षापासून टोचत आलंय. लोक विचारतात, झाडाची किंमत कशी करता? सावलीची, वासाची, हातानं रचलेल्या आळ्याची? नाही करता येत. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही. पण निमोण्यानंतर मी हे दुःख सांगून कामातून सूट घेणं बंद केलं. ज्याला रकाना आहे ते तरी पूर्ण भरावं. घेर इंचाइंचानं लिहावा. मेलेलं झाड मेलं म्हणून लिहावं आणि उतारावरचं झाड खाली उतरून बघावं. मोबदला देताना सरकार मोठ्या मनाचं असावं की नाही ते मोठे लोक ठरवतील. ते खरं असावं एवढं माझ्या हातात आहे.

अहवाल वर गेला आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न खाली आला. सातबाऱ्यावर पड असताना तिथं दोनशे सत्तावीस फळझाडं कुठून आली? पहिल्या दिवशीच्या नोंदीत दोनशे दहा, दुसऱ्या नोंदीत वेगळा आकडा, हे कसं? प्रश्न रास्त होते. मी दोन्ही पानं जोडली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, की पहिली मोजणी मी बांधावरून केली होती, ती चूक माझी. साहेब म्हणाले, "हे वाक्य लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी पुन्हा एकदा चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

मग तपासणीला एक वरिष्ठ अधिकारी आले. करड्या केसांच्या बाई, कमी बोलणाऱ्या. एव्हाना चैत्र लागला होता, बहर ओसरून बारीक फळं धरली होती. बागेच्या मध्यावर उभं राहून त्यांनी माझी वही उघडली, मधलंच एक पान काढलं आणि म्हणाल्या, "एकशे त्रेचाळीस दाखवा."

मी ओळी ओलांडत गेले. काटे चुकवायच्या भानगडीत पडले नाही. एकशे त्रेचाळीसच्या बुंध्यावर चाचांच्या अक्षरातला नंबर होता. बाईंनी स्वतः टेप लावला. वहीतला आकडा आणि टेपवरचा आकडा एकच आला. मग त्यांनी एकोणीस बघितलं. मग दोनशे दहा, ते उतारावर होतं. त्या साडी सावरत उतरल्या. तोही आकडा जुळला. त्यांनी वही माझ्या हातात दिली. "पुढचं बघायची गरज नाही," म्हणाल्या.

नोकरीत मला एकही प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही. ते एक वाक्य आहे.

यंत्रं आली तेव्हा मी तिथं नव्हते. मुद्दामच गेले नाही. चाचांनी त्याआधी तहसीलदारीण आणि वीज पडलेल्या झाडाचं बी धरून पिशव्यांत रोपं केली होती. मिळालेल्या मोबदल्यातून त्यांनी जवळच एक एकर घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर. तिथं बोअरला पाणी लागलं तेव्हा पेढे घेऊन आप्पाच आमच्या ऑफिसात आले होते. नवा रस्ता आता भरधाव वाहतो. त्यावरून जाताना ती जागा नेमकी कुठली हे मलाही सांगता येत नाही. शेजारचा उतार तेवढा ओळखू येतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो निवाड्याचा दिवस. शिरूरच्या कार्यालयात सुनावणी होती. बाहेर लिंबाच्या झाडाखाली, कडुलिंबाच्या, माणसं फाइली घेऊन उभी होती. मी माझ्या पानांची खात्री करून द्यायला गेले होते. फाटकातून एक मोटारसायकल आत आली. चालवत होता विलास. मागं चाचा, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि त्यांच्या मागं आप्पा, दोन्ही हातांनी चाचांच्या खांद्याला धरून. विलासनं गाडी लावली, दोघांना उतरवलं आणि माझ्याकडे बघून जरासा हसला. "सुट्टी टाकली आज," एवढंच म्हणाला. त्या दिवशी बागेत काय झालं ते आम्ही दोघांनीही काढलं नाही.

आत अधिकाऱ्यांनी आप्पांना विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीनं लिहून दिलंय ना? कुणाचा दबाव?"

आप्पा म्हणाले, "सायेब, माझ्यावर दबाव टाकनारं मानूस अजून जन्माला यायचंय. ल्ह्या तुमी."

खोलीत हसू पसरलं. निवाड्याची प्रत मिळाली. चाचांनी ती दोन्ही हातांत धरली, वाचायचा प्रयत्न केला आणि आप्पांकडे दिली. चष्मा आणला नव्हता की आणूनही खिशातच राहिला होता, मला माहीत नाही. आप्पांनी वऱ्हांड्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं, संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि पुढं सरकारी भाषेत, 'सदर फळझाडांचे मालक'.

"परत वाचा," चाचा म्हणाले.

आप्पांनी परत वाचलं. आजूबाजूचे दोन-तीन लोक ऐकायला थांबले.

कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. चाचांनी त्या पानाच्या पाच प्रती काढायला लावल्या आणि एक लॅमिनेट करून मागितली. दुकानदारानं विचारलं, "चाचा, पाच कशाला?" चाचा बोटांवर मोजत म्हणाले, "एक आप्पांना. एक इलासला. दोन पोरींला, सासरी. आन् एक म्याडमना."

"मला कशाला, चाचा?" मी म्हटलं. "मूळ कागद ऑफिसात आहे आमच्या."

"ती सरकारची. ही तुमची," असं म्हणून त्यांनी पान घडी न घालता माझ्या हातात दिलं. कागद अजून गरम होता.

मी स्टँडवर येऊन दौंडच्या गाडीत बसले, आईकडे जायला. खिडकीपाशी जागा मिळाली. पान फाइलीत घालण्याआधी पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत. चाचांचं नाव होतं, आप्पांचं होतं, गटाचा नंबर होता, झाडांचा आकडा होता. माझं नाव कुठंच नव्हतं. गाडी हलली. शेजारची बाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन पेंगायला लागली. मागं कुणीतरी फोनवर कांद्याचा भाव विचारत होतं. त्या गर्दीत, त्या धुळीत, शिरूरपासून थेट घरापर्यंत, माझ्याइतकं ताठ कुणी बसलेलं नव्हतं.